रेझ इन्फिनिट हेडसेटमध्ये खेळताना: आधी कान, मग डोळे, बोट सगळ्यात शेवटी

"हेडसेट आला, रेझ टाकला, पंधरा मिनिटं खेळलो आणि डोकं धरून बसलो." हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही पाठ झालंय: "आणि तो म्युझिकचा भाग काय आहे ते कळलंच नाही, नुसत्या गोळ्या मारत होतो."

रेझ इन्फिनिट हा संगीताच्या तालावर शत्रूंवर नेम धरायचा खेळ, आणि इथे बोलतोय ते तो व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या यंत्रात, खेळण्याबद्दल. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. हेडसेट डोक्यावर चढवतात, बटण बडवायला लागतात, नीट दिसत नाही म्हणून पट्टा ओढतात आणि सगळ्यात शेवटी आवाजाकडे बघतात. या खेळात हे बरोबर उलटं करावं लागतं. आवाज नीट नसेल तर नेम कितीही चांगला असला तरी मजा येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमाने करा. पहिल्या दिवशी तयारीला पाऊण तास आणि खेळायला वीस मिनिटं, असा हिशोब धरा.

## पायरी ०: तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा

मूळ रेझ २००१ साली ड्रीमकास्ट आणि प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलवर आला. इन्फिनिट ही त्याचीच वाढवलेली आवृत्ती. ती २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर, २०१७ मध्ये पीसीवर, २०२० मध्ये क्वेस्टवर (मेटाचा बिनवायरीचा हेडसेट) आणि २०२३ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर२ वर (सोनीचा हेडसेट) आली. इतिहास इथेच संपला. पण ही यादी खरेदीच्या वेळी लागते, कारण पहिली चूक तिथेच होते.

प्लेस्टेशनच्या पहिल्या व्हीआर हेडसेटसाठी केलेले खेळ व्हीआर२ वर तसेच्या तसे चालत नाहीत. प्लेस्टेशन ४ ची जुनी प्रत स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि व्हीआर२ मध्ये चालेना, असं माझ्या ओळखीतल्या दोघांचं झालंय. स्टोअरमध्ये पैसे भरण्याआधी खाली कोणत्या हेडसेटचं नाव लिहिलंय ते वाचा.

प्लेस्टेशन ४ आणि पीसीवर हा खेळ हेडसेट नसतानाही, साध्या पडद्यावर चालतो. हेडसेट यायचा असेल किंवा मित्राकडून दोन दिवसांसाठी मिळणार असेल, तर आधी टीव्हीवर एरिया १, म्हणजे खेळाचा पहिला टप्पा, दोनदा खेळून घ्या. हात बसलेला असला की हेडसेटमधला पहिला तास वाया जात नाही. मात्र टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि साउंडबार बंद ठेवा. का, ते लगेच पुढे येतंय.

सावध: यात सतत लखलखाट असतो, आकृत्या फुटतात, रंग झपाझप बदलतात. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्यांना हेडसेट देऊच नका. सोनीने व्हीआर२ साठी १२ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आहे. "पाचच मिनिटं दे ना काका" याला भुलू नका.

## पायरी १: कान

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

या खेळात तुम्ही मारलेल्या प्रत्येक नेमाचा एक आवाज आहे: टाळी, झांज, मधेच एखादा सूर. तुम्ही बटण नेमक्या क्षणी सोडलं नाही तरी खेळ तो आवाज किंचित थांबवून जवळच्या मात्रेवर आणून ठेवतो. कसलेला तबलजी गायकाची चुकलेली सम सांभाळून घेतो, तसंच. पार्श्वसंगीत आणि तुमचे ठोके मिळून एकच गाणं तयार होतं.

आता यात ब्लूटूथ इअरफोन आणा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. एका मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि पाव मात्रा १२५ ची. म्हणजे आवाज पाव मात्रेपेक्षाही जास्त मागे.

गंमत अशी की हे ऐकून कळत नाही. गाणं आणि तुमचे ठोके दोन्ही सारखेच उशिरा येतात, त्यामुळे कानाला सगळं लयीत वाटतं. बिघडतं ते हाताशी आणि डोळ्यांशी: कंट्रोलर आधी थरथरतो, समोरची आकृती आधी फुटते आणि ठोका मागून येतो. मेंदू थोडा वेळ जुळवाजुळव करत राहतो, मग कंटाळतो. मला स्वतःला हे कळायला तीन आठवडे लागले. तोवर "खेळ बरा आहे, पण लोक उगाच डोक्यावर घेतात" असं मी चारचौघांत सांगूनही बसलो होतो.

तर मग करायचं ते असं:

१. वायरचे इअरफोन किंवा हेडफोन घ्या. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ ला नेहमीचं गोल पिनचं भोक आहे. क्वेस्ट ३एस ला ते नाही, तिथे टाइप-सी चे वायरवाले इअरफोन लागतील. व्हीआर२ सोबत इअरफोन येतात, ते हेडसेटच्या पट्ट्याला लागतात.

२. कान पूर्ण झाकणारे असतील तर उत्तम. हेडसेटचे स्वतःचे स्पीकर चालतात, पण त्यात खालचा ढम्म भाग जवळजवळ गायब होतो आणि या संगीताचा पायाच तो आहे.

३. आवाज साठ टक्क्यांपासून सुरू करा. बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, वेळी गाण्याचे सगळे थर एकत्र वाजतात, तेव्हा आवाज आपोआप भरतो. सुरुवातीलाच पूर्ण आवाज ठेवलात तर दहा मिनिटांत कान दुखतील.

४. वायर पाठीमागून, कॉलरखालून न्या. पुढून सोडली की ती कंट्रोलरमध्ये अडकते आणि नेमकी बॉसच्या वेळी निघते.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की राजाराम पूल, म्हात्रे पूल या पट्ट्यात राहणाऱ्यांनी संध्याकाळी हा खेळ काढूच नये. बाहेरचा ठेका एक, कानातला दुसरा. झाकलेले हेडफोन घालूनही ढोलाचा टोल भिंतीतून येतो. त्या दोन महिन्यांत मी सकाळी खेळतो.

तपासा: खेळाच्या मेनूत एकेक पर्याय झटपट बदलत जा. पर्याय सरकतो आणि आवाज येतो त्यात फट जाणवली तर इथेच थांबा. टीव्ही किंवा साउंडबारमधून आवाज सोडलेला असेल तर तो बंद करून पुन्हा बघा. ही चाचणी पास झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

## पायरी २: डोळे

धूसर दिसतंय म्हणून लोक पट्टा आवळत जातात. पट्ट्याने धूसरपणा जात नाही, कपाळावर वळ उठतो. धूसरपणाची कारणं साधारण तीन असतात.

पहिलं, दोन बाहुल्यांमधलं अंतर. चष्म्याच्या दुकानात याला पीडी म्हणतात. लक्ष्मी रोडवर किंवा तुमच्या गल्लीत, कुठल्याही चष्मेवाल्याकडे दोन मिनिटांत मोजून मिळतं. क्वेस्ट २ मध्ये लेन्स हाताने सरकवाव्या लागतात आणि तीनच जागा असतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आपल्या आकड्याच्या जवळची जागा धरा. क्वेस्ट ३ आणि व्हीआर२ ला फिरवायचं चाक आहे, आणि व्हीआर२ तर डोळे बघून पडद्यावर मार्गदर्शनही करतो. हे मार्गदर्शन "नंतर बघू" म्हणून टाळू नका.

दुसरं, हेडसेटची उंची. लेन्समध्ये नीट दिसणारा भाग छोटा असतो. हेडसेट गालावर धरून वर-खाली हलवा, अक्षरं जिथे टोकदार दिसतील तिथे थांबा, आणि मगच मागचा पट्टा बसवा. मागचा भाग डोक्याच्या खालच्या फुगवट्याच्या खाली यायला हवा. वर राहिला की पुढचं ओझं नाकावर येतं.

तिसरं, वाफ. पावसाळ्यात पुण्यात हे हमखास होतं. थंड हेडसेट, घामट चेहरा, लेन्सवर धुकं. उपाय साधा: खेळायच्या पाच-सात मिनिटं आधी हेडसेट चालू करून ठेवा, म्हणजे तो थोडा गरम होतो. आणि चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून या.

चष्मा असेल तर क्वेस्ट २ सोबत चष्म्यासाठीची जास्तीची चौकट येते, ती बसवा. आधी हेडसेट पुढून चष्म्यावर धरा, मग पट्टा मागे न्या. टोपीसारखा वरून खाली ओढलात तर चष्मा लेन्सवर घासतो, आणि प्लास्टिकच्या लेन्सवर पडलेला ओरखडा जात नाही. एका गेमिंग कॅफेत मला मिळालेल्या हेडसेटच्या डाव्या लेन्सवर असा कमानीसारखा ओरखडा होता. अर्धा तास मी त्याला खेळातलाच एक ग्रह समजत होतो.

सावध: लेन्सवर ऊन पडू देऊ नका. भिंग धरून कागद जाळायचो ना, तेच आतल्या पडद्याचं होतं. खिडकीपाशी, गॅलरीत, गाडीच्या डॅशबोर्डवर हेडसेट लेन्स उघड्या पडतील असा ठेवायचा नाही. मिनिटभरही नाही.

## पायरी ३: खुर्ची, पंखा, खोली

हा खेळ बसून खेळा. उभं राहायची काही गरज नाही, एरिया १ ते ५ मध्ये तुम्ही ठरलेल्या मार्गावरूनच पुढे जाता. रुळावरच्या गाडीसारखं: गाडी चालवायची नाही, फक्त खिडकीतून नेम धरायचा. उभं राहिलात तर डोळे सांगतात "आपण पुढे चाललोय", पाय सांगतात "कुठे? इथेच तर आहोत", आणि तोल जातो.

फिरती खुर्ची, हात नसलेली, सगळ्यात चांगली. खुर्चीला हात असतील तर कोपरं आपटतात. चाकं असतील तर खाली जुनी सतरंजी टाका, म्हणजे खुर्ची जागेवर फिरेल पण सरकणार नाही.

आता पंखा. आमच्याकडे छत फार उंच नाही. भाच्याने पहिला बॉस पाडला आणि आनंदात खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर केले. पंखा चारवर होता. हात वाचला, कारण कंट्रोलरची कडी मधे आली. ती कडी अजून आहे, तिच्यावर तीन बारीक चीर आहेत. तेव्हापासून खेळताना छताचा पंखा बंद आणि टेबलफॅन समोर. टेबलफॅनचा दुहेरी फायदा होतो. घाम येत नाही, आणि वारा एकाच दिशेने येत असल्यामुळे आपलं तोंड खऱ्या खोलीत कुठे आहे ते शरीराला कळत राहतं. त्याने गरगरणं बरंच कमी होतं.

खोलीत दिवा हवा. क्वेस्ट आणि व्हीआर२ दोन्ही स्वतःवरच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून जागा ओळखतात. अंधार केला की "ट्रॅकिंग गेलं" असा निरोप येतो. माहोल म्हणून लाइट घालवायचा मोह होतो, पण हेडसेटच्या आत तसाही अंधारच असतो.

व्हीआर२ ची वायर साडेचार मीटरची आहे. फिरत्या खुर्चीत ती पायांभोवती गुंडाळली जाते. दर एरिया संपला की खुर्ची उलटी फिरवून पीळ काढा.

गुरुवारचंही बघून ठेवा. देखभालीसाठी लाइट जायची शक्यता आपल्याकडे गुरुवारी जास्त. प्लेस्टेशन किंवा पीसी इन्व्हर्टरवर नसेल तर त्या दिवशी मोठा एरिया सुरू करू नका. क्वेस्टला ही अडचण नाही, तो बॅटरीवर चालतो.

तपासा: खुर्चीत बसा, डोळे मिटा, दोन्ही हात लांब करून एक पूर्ण चक्कर मारा. काही लागलं? ते हलवा. मग हेडसेटमध्ये बसून खेळायची हद्द निवडा आणि समोरची दिशा नव्याने बसवून घ्या. हे विसरलात तर खेळ तिरका सुरू होतो आणि वीस मिनिटं मान एकाच बाजूला राहते.

## पायरी ४: नेम कशाने धरायचा ते ठरवा

डोकं वळवून नेम धरता येतो, किंवा हातातल्या कंट्रोलरने. व्हीआर२ मध्ये नुसत्या नजरेनेही धरता येतो, कारण तो हेडसेट डोळ्यांची हालचाल टिपतो.

माझं मत: पहिले दोन दिवस डोक्याने. हाताने नेम धरताना माणूस पिस्तूल धरल्यासारखा आखडतो, खांदा वर जातो आणि प्रत्येक शत्रूवर वेगळी गोळी मारायला लागतो. डोक्याने धरलं की नजर सावकाश, लांब झाडू मारल्यासारखी फिरते, आणि हा खेळ नेमका त्याच हालचालीसाठी बांधलाय. एरिया ३ नंतर हातावर या. नजरेने नेम धरणं जादूसारखं वाटतं खरं, पण त्यात बघायची चोरी होते. जिकडे बघाल तिकडे नेम जातो, त्यामुळे आजूबाजूचं काही निवांत बघताच येत नाही. ते एकदा पूर्ण खेळून झाल्यावर करा.

## पायरी ५: पहिली वीस मिनिटं

फक्त एरिया १. गुणांकडे बघायचं नाही.

मूळ क्रिया एकच आहे. बटण दाबून धरा, नजर शत्रूंवरून फिरवा, एकेकावर खूण उमटत जाईल, मग बटण सोडा. एका वेळी जास्तीत जास्त आठ खुणा. सोडलं की एकामागून एक सुटतात.

आणि इथेच सगळे घसरतात. प्रत्येक ठोक्याला टिकटिक बटण दाबत बसतात. त्याने शत्रू मरतात, पण कानाला एकच आवाज पुन्हापुन्हा येतो आणि मोठे शत्रू निसटतात. पथकात नवीन आलेल्या पोराच्या हातात टिपरू दिलं की तो पहिल्या दिवशी ताशा न ऐकता ढोल बडवत सुटतो, तसं. त्याला आधी नुसतं उभं करतात, ऐकायला लावतात.

म्हणून हा सराव करा:

१. पहिली दोन मिनिटं बटणाला हात लावू नका. नुसतं ऐका आणि मान डोलवा. एखाद-दुसरा मार बसेल, बसू दे.

२. मग दाबून धरा, चार खुणा करा, सोडा. चारच. घाई नाही.

३. सोडायचा क्षण ठोक्यावर आणायचा प्रयत्न करा. खेळ सांभाळून घेणारच आहे, पण तुम्ही जवळ आलात तर हातातली थरथर, डोळ्यांपुढचा स्फोट आणि कानातली टाळी तिन्ही एकाच क्षणी येतात. एकदा आलं की कळतं. सांगून कळत नाही.

४. चार जमले की सहा, मग आठ. आठांची माळ सुटते तेव्हा आठ ठोके ओळीने वाजतात आणि एकदम वाटतं, हे आपण वाजवलं.

सावध: जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, कपाळाला गार घाम आला, की हेडसेट काढा. लगेच. "हा बॉस झाला की काढतो" म्हणणारे पुढचा तासभर लिंबू चोखत बसतात. कात्रजच्या घाटात एसटीत मागे बसून मोबाईल बघणाऱ्याला जसं लागतं, तसंच इथे लागतं, आणि उपायही तोच: नजर पुढे, रस्ता जिथे जातोय तिथे. खेळात मार्गाचं लांबचं टोक समोर दिसत असतं. शत्रू नसेल तेव्हा नजर तिथे परत आणा, बाजूच्या भिंती सरकताना बघत बसू नका. आणि भरपेट जेवून खेळायला बसू नका, उपाशीपोटीही नाही.

## पायरी ६: आधी कशावर नेम धरायचा

एरिया १ मधून जाता आलं की आता डोकं चालवायचं. समोर एकदम पाच गोष्टी आल्या तर क्रम असा:

तुमच्याकडे येणारी अस्त्रं आधी. शत्रूने सोडलेल्या गोळ्यांवरही खूण करता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ते शत्रूवर नेम धरून बसतात आणि मार खातात.

मग निळ्या वस्तू. त्या गोळा झाल्या की तुमची आकृती वरच्या रूपात जाते. मार बसला की एक रूप खाली. सगळ्यात खालच्या रूपात मार बसला की खेळ संपला. म्हणजे निळी वस्तू हाच तुमचा जीव.

मग तो चौकोनी ठोकळा. प्रत्येक एरियात दहा थर आहेत आणि वरच्या थरात जायची दारं म्हणजे हे ठोकळे. आठ खुणा त्याच्यावर मोकळ्या केल्या की दार उघडतं आणि गाण्यात एक वाद्य वाढतं. ठोकळा हुकला तर तो पुन्हा समोर येईपर्यंत गाणं तिथल्या तिथेच घोटाळत राहतं. "म्युझिक फारच एकसुरी आहे" अशी तक्रार करणाऱ्यांचे ठोकळे हुकत असतात, दुसरं काही नाही. ठोकळा दिसला की किरकोळ शत्रू सोडून द्या.

लाल वस्तूंनी ओव्हरड्राइव्ह मिळतो: वेगळ्या बटणाने सोडायचा, थोडा वेळ समोरच्या सगळ्यांवर आपोआप मारा. तो साठवून ठेवा. नवखे लोक पहिल्याच गर्दीत उडवून टाकतात आणि बॉससमोर रिकाम्या हाताने उभे राहतात. माझा नियम असा की एरिया अर्धा होईपर्यंत त्या बटणाला हात नाही, आणि बॉससाठी किमान एक शिल्लक. ते बटण कुठलं आहे ते सेटिंगमध्ये आधीच बघून बोटाला सांगून ठेवा, हेडसेटच्या आत कंट्रोलर चाचपडत बसू नका.

तपासा: एरिया १ संपल्यावर दहाही थर उघडले होते का? नसतील तर एरिया २ ला जाऊ नका. हाच पुन्हा.

## पायरी ७: एरिया २ ते ४

एका बैठकीला एकच एरिया. मधे किमान दहा मिनिटं हेडसेट काढून, खिडकीबाहेर लांबचं काहीतरी बघत बसा.

एरियांवर जुन्या संस्कृतींची छाप आहे: पहिल्यावर इजिप्त, दुसऱ्यावर भारत, तिसऱ्यावर मेसोपोटेमिया, चौथ्यावर चीन. एरिया २ मध्ये आपल्याकडचं काहीतरी ओळखीचं शोधायच्या नादात लोक मार खातात. सजावट बघायची असेल तर ट्रॅव्हलिंग मोड घ्या, त्यात मार लागत नाही. खरं तर नवीन एरियाची पहिली फेरी ट्रॅव्हलिंगमध्ये मारली तर काहीच बिघडत नाही. काही मित्र याला चीटिंग म्हणतात. त्यांना म्हणू दे.

एरिया ४ च्या शेवटी धावणारा माणूस येतो, ठोकळ्यांचा बनलेला, आणि तुम्ही त्याच्या मागे बोगद्यातून. इथे वेग वाढतो आणि गरगरण्याचा धोकाही. नजर त्याच्या पाठीवर खिळवून ठेवा, भिंतींकडे नाही. हा भाग पहिल्यांदा हेडसेटमध्ये बघताना मी श्वास रोखून धरला होता, ते काढल्यावर लक्षात आलं.

## पायरी ८: एरिया ५, आणि मगच एरिया एक्स

एरिया ५ लांबलचक आहे आणि शेवटी आधीच्या बॉसांची पुन्हा रांग लागते. त्याला वेगळा दिवस द्या, हेडसेट पूर्ण चार्ज, फोन सायलेंटवर, घरच्यांना सांगून. आमच्याकडे ऐन रांगेत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं काम माझ्याकडे आलं होतं. दोन्ही बिघडलं.

एरिया एक्स हा इन्फिनिटसाठी नव्याने केलेला भाग, आणि नवखे सगळे आधी तिथेच जातात, कारण सगळ्या चित्रांमध्ये तोच दिसतो: कणांचे ढग, प्रकाशाचे लोट. पण तिथे रूळ नाहीत. चहूबाजूंनी मोकळं उडता येतं, आणि तुम्ही स्वतः वळता, वेग घेता. ज्याला एरिया १ मध्ये मळमळलं त्याला इथे नक्की मळमळणार. शिवाय खूण करून सोडायची सवय बसलेली नसेल तर इथे नुसता दिव्यांचा देखावा उरतो.

तिथे पोचलात की तीन गोष्टी पाळा. वळायचं ते खुर्चीने, अंगाने, अंगठ्याने नाही. वेग घ्यायचा तो सरळ दिशेत, वळताना कमी करायचा. आणि मागूनही शत्रू येतात, तेव्हा आवाज कुठून येतोय ते ऐकून वळायचं. पहिल्या पायरीवर कानांवर घालवलेला वेळ इथे कामी येतो.

## पायरी ९: उतरवणं आणि ठेवणं

लेन्स कोरड्या मऊ कापडाने, मधून बाहेर गोल पुसा. स्पिरिट, कोलीन, सॅनिटायझर, ओला टिश्यू काही नाही. चेहऱ्याला टेकणारी गादी काढून वाऱ्यावर वाळवा, उन्हात नाही. डोक्याला तेल लावलं असेल त्या दिवशी खेळू नका. नवीन चपलेच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या पावसाळ्यात हेडसेटच्या डब्यात टाका.

पाहुणे आले की त्यांना द्यायच्या आधी हाच क्रम, थोडक्यात: इअरफोन, लेन्स, खुर्ची, मग ट्रॅव्हलिंगमध्ये एरिया १. काय दिसतंय ते बाकीच्यांना टीव्हीवर दाखवत असाल तर टीव्हीचा आवाज शून्य करा. तो मागून येतो आणि खेळणाऱ्याच्या कानात दोन गाणी होतात. मधे मधे "तिकडे बघ, तिकडे" असं ओरडायचं नाही.

दिवाळीत आईला दिला होता. ती भजनी मंडळात झांज वाजवते, व्हिडिओ गेम आयुष्यात खेळलेली नाही. बटण दाबून धर आणि वाटेल तेव्हा सोड, एवढंच सांगितलं. भाचा शेजारी बसून हसायच्या तयारीत. तिने पहिलं मिनिट नुसतं ऐकलं, पाय ठेका धरायला लागला, मग बटण दाबून डोकं असं सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं आणि आठच्या आठ एकदम सोडले. हेडसेट काढल्यावर म्हणाली, "अरे, बरोब्बर समेवर आलं की रे." खेळानेच ओढून समेवर बसवलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.